प्रतिमा शाळेत बोलत नाही

आमची सुलभा नागपूरची, तोंडाची फटकळ. ऐंशी साली फिलाडेल्फियाजवळ आमच्या गावात आली आणि पहिल्याच हळदीकुंकवात सगळ्यांना हसवून गेली. पुढे तिचे वडील गेले. ग्रीन कार्डाचे कागद अडकलेले, गेली तर परत येणं अवघड, म्हणून नवऱ्याने, पुरुषोत्तमने, तिला जाऊ दिलं नाही. तेव्हापासून बाईसाहेबांनी त्याच्याशी बोलणं टाकलं ते टाकलंच. तोही असला हेकट की विचारू नका! दोघांच्या मधे आठ वर्षांची प्रतिमा. आईला सांग, आज उशीर होईल. बाबांना सांग, पोळ्या काउंटरवर आहेत. मी समजावून थकले, पण या रेखाचं कोण ऐकतंय!

मग शाळेतून फोन यायला लागले, प्रतिमा वर्गात तोंड उघडत नाही. गावातली सरकारी शाळा ही एवढी मोठी, सगळं घंटेवर. सकाळी झेंड्यापुढे छातीवर हात ठेवून शपथ, शुक्रवारी स्पेलिंगची टेस्ट. न बोलणाऱ्या पोरीला त्यांनी मागे पडलेल्यांच्या वर्गात बसवलं. माझी पोरगी मठ्ठ नाही गं, म्हणत सुलभा माझ्या गाडीत बसून रडली.

कुणीतरी क्वेकर नावाच्या ख्रिस्ती पंथाची शाळा सुचवली. तिथली तऱ्हाच वेगळी. शपथ नाही, कारण माणसाने एरवीही खरंच बोलायचं, मग शपथ कशाला? मार्क नाहीत, टीचरला सरळ नावाने हाक. प्रत्येकाच्या आत देवाचा उजेड असतो म्हणे, लहान मुलाच्याही. पुरुषोत्तमने प्रतिमाकरवी विचारलं, मार्कांशिवाय मेडिकलला कोण घेणार? तरी सुलभाने तिला तिथेच घातलं. पोरगी बोलावी, एवढंच तिला हवं होतं.

तिथेही ती बोलेना, आणि तिथे कुणी तक्रारही करेना! मार्था नावाची तिची पिकल्या केसांची टीचर म्हणाली, आम्ही थांबू. सुलभा हताश झाली. निदान त्या सरकारी शाळेत कुणी मागे तरी लागायचं, म्हणाली.

आठवड्यातून एकदा सगळी शाळा बाकांवर गप्प बसते. ज्याला आतून वाटेल त्याने उठून बोलायचं. पालकही येऊ शकतात. सुलभाला ड्राइव्ह करता येत नाही, म्हणून मी घेऊन गेले. मला मेलीला नेमका खोकला आला. तो दाबत होते, तेवढ्यात प्रतिमा उभी राहिली. सुलभाने माझं मनगट आवळलं.

पोरगी इंग्रजीत बोलली, हळू पण स्पष्ट. "मी घरी खूप बोलते. बाबांचं आईला सांगते, आईचं बाबांना. मग माझं काही बोलायचं उरत नाही."

सुलभा उठायला गेली. मार्थाने हलकेच नको अशी मान हलवली. तिथली रीतच अशी, कुणी बोललं की उत्तर द्यायचं नाही, ऐकलेलं आत मुरू द्यायचं. एवढी फटकळ बाई, तोंडावर रुमाल दाबून बसली. मला त्या रीतीचा असा संताप आला! सभा संपली, सगळ्यांनी शेजाऱ्याशी हात मिळवले, आणि प्रतिमा मुलांबरोबर वर्गात निघून गेली.

संध्याकाळी मी त्यांच्याकडेच होते. पुरुषोत्तम आला, बूट काढता काढता म्हणाला, "प्रतिमा, आईला विचार, शाळेत काय झालं?"

प्रतिमाने विचारलं नाही. नुसती आईकडे बघत उभी राहिली. सुलभा नवऱ्याकडे वळली, तिचे ओठ हलले. बोल गं बाई, एकदा बोल, मी मनात म्हणत होते. तिला शब्द फुटेना. पुरुषोत्तम बुटांच्या नाड्या सोडवत राहिला.

प्रतिमा बराच वेळ थांबली. मग म्हणाली, "बाबा, आई म्हणतेय, सगळं ठीक आहे."