फाटकापाशी दिलेला खांदा

पहिल्यांदा पाद्र्याचा झगा अंगावर चढवला त्या दिवशी सेमिनरीतले आमचे आध्यात्मिक मार्गदर्शक, वयस्कर फादर, माझ्या गळ्याशी बटण लावता लावता म्हणाले होते, की आता तू कुणा एकाचा राहिला नाहीस. मला ते आवडलं. आईला पटलं नाही. सुट्टीत नांदुऱ्याला आलो की ती आधी झगा उतरवायला लावी, आणि मगच जेवायला वाढी. गल्ली मला फादर म्हणू लागली. तिने कधी म्हटलं नाही.

गेल्या हिवाळ्यात ती गेली. आजारपणात तिने एकच मागितलं होतं, मातीच्या वेळची प्रार्थना मी म्हणायची. म्हणून पांढऱ्या झग्यावर, गळ्यात विधी करणाऱ्याचा जांभळा पट्टा घेऊन, हातात पुस्तक धरून मी पुढे चालत होतो. शवपेटी मागून येत होती, थोरल्या भावाच्या, चुलतभावांच्या आणि शेजारच्या काकांच्या खांद्यावर. काका भाजी पिकवणारे, आमच्या धर्माचे नव्हेत, पण घरचेच. प्रार्थना म्हणणाऱ्याने पुढे राहायचं असतं, हे मला ठाऊक होतं. तरी आईला सगळ्यांनी खांदा दिला आणि तिच्या मुलाने नाही, हे मनातून जात नव्हतं.

रेल्वेचं फाटक बंद होतं. मालगाडी आली आणि तिच्या खडखडाटात माझे शब्द मलाच ऐकू येईनात. मी थांबलो. काकांनी मागून हाक मारली.

"फादर, गाडी जाईपर्यंत तुमचं कोन आयकून राह्यलं? या, माही जागा घ्या."

मी गळ्यातल्या पट्ट्याला हात लावून दाखवला.

"राहू द्या तो. तुमच्या मायले काय जड होते?"

भाऊ पेटीखालीच हसला आणि सरकून त्याने मला वाट दिली. काकांनी माझ्या हातातलं पुस्तक घेतलं. पेटीची कड खांद्यावर आली, झग्याची बाही वर ओढली गेली. आई वाटली होती त्याहून हलकी होती.

फाटक उघडलं. मला कुणी पुढे जा म्हटलं नाही. पाठ असलेली 'नमो मरिये' ही मरियामातेची प्रार्थना मी तिथूनच सुरू केली. रुळांवरून जाताना दम लागून शब्द अर्ध्यावर तुटत, मागची माणसं ते पुरे करत. पुढे काका चालत होते, पुस्तक उघडं धरून. त्यांचं आमेन दर वेळी सगळ्यांच्या नंतर येत होतं.