वाढवलेलं व्होल्टेज

घाटकोपरच्या टेकडीवर आमची वस्ती संपते तिथे विहार आहे आणि त्याच्या माडीवर अभ्यासिका. तिथला एकुलता एक कॉम्प्युटर वस्तीने वर्गणी काढून घेतलेला. माझ्याकडे लॅपटॉप नव्हता, त्यामुळे शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट मी त्याच मशीनवर करत होते. पावसात आमच्या टेकडीचा कुठला उतार खचू शकतो, याचं गणित. घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच. ते गणित बरोबर यावं, एवढंच त्या वर्षी मला हवं होतं.

कॉम्प्युटर सांभाळायचं काम कमिटीने एका दादाकडे दिलं होतं. तो मालाडच्या एका ऑफिसात कामाला होता, आणि सुट्टीच्या दिवशी इथे गेम खेळत, चिवडा खात बसायचा. कीबोर्डवर त्याच्या बोटांचं तेल असायचं. मी बसण्याआधी ते रुमालाने पुसायचे.

जयंतीला मोठ्या स्क्रीनवर दाखवायचा व्हिडिओ लवकर तयार व्हावा, म्हणून त्याने प्रोसेसरचा वेग कंपनीने ठरवलेल्या मर्यादेच्या वर नेला. मशीन सारखं बंद पडायला लागलं. मग त्याने प्रोसेसरला मिळणारं व्होल्टेज वाढवलं, आणि ते पळायला लागलं.

मी याबद्दल थोडं वाचलं होतं. भीत भीतच त्याला म्हटलं की व्होल्टेज जरासं वाढवलं तरी उष्णता खूप वाढते, आतले बारीक मार्ग हळूहळू झिजतात, आणि झालेली झीज भरून येत नाही. त्यात माडीला पत्रा आणि बाहेर एप्रिलचं ऊन.

"पुस्तक वाचून पोहायला शिकलीस का गं तू?" तो म्हणाला. "झकास चाललंय ना? मग?"

कमिटीच्या बैठकीत त्याने व्होल्टेज वाढवल्याचं सगळ्यांना सांगितलं. आमची वस्ती विजेच्या लाइनच्या अगदी टोकाला. संध्याकाळी पंखे रेंगाळतात, ट्यूब लागता लागत नाही. व्होल्टेज कमी आहे म्हणून तक्रार करण्यात इथल्या मोठ्या माणसांचं आयुष्य गेलं. त्यामुळे कुणीतरी व्होल्टेज वाढवलं, हे ऐकून सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. त्यांचा मला राग नाही. तो मात्र त्या टाळ्या घेत बसला होता. व्होल्टेज वाढलं म्हणजे चांगलंच झालं असं त्या लोकांना वाटतंय, हे त्याला नीट कळत होतं आणि तो गालात हसत होता. तिथे मला पहिल्यांदा त्याची किळस आली.

जयंतीला त्याचा शाल देऊन सत्कार झाला. गुच्छ द्यायला मलाच स्टेजवर बोलावलं. त्याचा हात ओलसर होता. खाली उतरल्यावर मी माझा हात ओढणीला पुसला.

धूर निघाला असता तर बरं झालं असतं. तसं काही झालं नाही. जिना चढतानाच तापलेल्या धुळीचा वास यायचा, आणि मशीन चुकीची उत्तरं द्यायला लागलं. तीच माहिती, तोच प्रोग्रॅम. पाण्याच्या टाकीमागचा उतार एकदा सुरक्षित यायचा, पुन्हा चालवलं की धोक्याचा. कित्येक दिवस मी माझ्याच कोडमध्ये चूक शोधत होते. शेवटी मैत्रिणीच्या लॅपटॉपवर एक छोटा भाग चालवून पाहिला. तिथे दर वेळी एकच उत्तर आलं. मग अभ्यासिकेत जाऊन मी वेग आणि व्होल्टेज दोन्ही मूळ आकड्यांवर आणलं. तरीही उत्तरं चुकतच राहिली. एका दुपारी मशीन सुरूच झालं नाही.

बैठकीत दादा म्हणाला, "हिचे प्रोग्रॅम दिवसभर चालायचे. उडणारच ना."

मी बोलायला उठले, पण शब्द नीट येईनात. कमिटीतले एक काका मायेनेच म्हणाले, जाऊ दे बाळा, शिकताना होतं असं. बाबा मागच्या रांगेत होते. ते चपलांकडे बघत राहिले.

कॉलेजच्या लॅबमध्ये मी सगळं नव्याने चालवलं. जमा करायच्या दिवसापर्यंत निम्मेच उतार झाले. आमच्या मॅडम म्हणाल्या, बाकीच्या ठिकाणी जुने आकडे टाक, कोण तपासतंय. पण त्या उतारांवर माणसं झोपतात. मी त्या जागा कोऱ्या ठेवल्या आणि खाली कारण लिहिलं: अभ्यासिकेच्या मशीनवर प्रोसेसरचं व्होल्टेज वाढवलेलं होतं, त्यामुळे तिथली उत्तरं वापरलेली नाहीत. मार्क कमी पडले. पास झाले.

रिपोर्टची माझी प्रत बांधून आली त्या संध्याकाळी दादा आमच्या दारात आला. आभाराच्या पानावर त्याचं नाव आहे का, त्याला बघायचं होतं. कमिटीच्या ग्रुपवर फोटो टाकायचा होता म्हणे. पान उलटायला त्याने बोट जिभेला लावलं.

"नाही घातलं," मी म्हटलं, आणि रिपोर्ट त्याच्या हातातून काढून घेतला. "तुझ्यामुळे माझं निम्मं काम टाकून द्यावं लागलं, दादा. तुझे आभार कसले?"

तो उतरून गेला. आई म्हणाली, एवढं तोंडावर बोलायची गरज नव्हती.

होती.