प्रभुभोजनाला आलेलं गाव

सुशीलामावशीच्या देवळात बहुतेक शेवटची उपासना होणार असं कळलं, तेव्हा मी सर्वांत आधी काय केलं? फोनमधले जुने फोटो पुसून जागा केली. खोटं कशाला सांगू? साठी उलटलेल्या बाईने ब्लॉग लिहायला घेतला की तिला दुःखसुद्धा उजेड बघून होतं. ‘कृष्णाकाठची शेवटची प्रार्थना’ असं शीर्षकही मनात तयार होतं.

मावशीचं गाव शिरोळ तालुक्यात, नदीला लागून, चहूबाजूंनी ऊस. नाव लिहीत नाही, तिला आवडणार नाही. तिथे मिशनच्या काळातलं आमचं छोटं दगडी देऊळ आहे. हो, आम्ही मराठी ख्रिस्ती माणसं चर्चला देऊळच म्हणतो आणि तिथे जमणाऱ्यांना मंडळी. मंडळीत एके काळी तीस घरं होती. मग कोणी मिरजेला गेलं, कोणी पुण्याला, कोणी आखातात नर्सिंगला. जाणाऱ्यांत आमचंही घर होतं. जाताना प्रत्येक जण रडला आणि बऱ्याच जणांनी आठवण म्हणून देवळाला पंखा दिला. आज देवळात पंखे नऊ आहेत आणि सभासद एक : मावशी, वय एक्क्याऐंशी.

शहरातल्या वरिष्ठांचं पत्र आलं होतं. ज्या मंडळीत दोनपेक्षा कमी सभासद उरले असतील, तिथली उपासना बंद करून देवळाला कुलूप लावावं. त्यासाठी रविवारी पाहणी समिती येईल. समितीत तीन माणसं होती, म्हणजे मंडळीच्या तिप्पट.

शनिवारी पहाटे स्वारगेटहून एसटी धरली. बायकांना अर्धं तिकीट, त्यामुळे शेजारचे काका सातारा येईपर्यंत सरकारवर आणि माझ्यावर सारखेच नाराज होते. रस्त्याचं रुंदीकरण चालू आहे, म्हणजे सध्या तो अरुंद आहे. घरून निघताना तासभर जास्तीचा धरा. शिरोळला सांगलीमार्गे लवकर पोचता येतं. मी कोल्हापुरात उतरले, कारण मिसळ. “तिखट कमी,” मी कॉन्व्हेंटच्या सवयीने पुटपुटले. आम्हाला सिस्टरांनी आवाज न चढवता अख्खं आयुष्य काढायला शिकवलं होतं. वाढणारा ओरडला, “काय म्हंटलासा? मोठ्यानं बोला की!” मग पूर्ण हॉटेलला कळलं की मला तिखट सोसत नाही. एका अनोळखी बाईने आपल्या वाटीतलं दही माझ्यात ओतलं.

तिथून कुरुंदवाडकडे जाणारी एसटी. वाटेत नरसोबाच्या वाडीचा फाटा लागतो. वाडीला पावसाळ्यात नदी दत्ताच्या देवळात शिरते, तेव्हा लोक पुण्यस्नानाला धावतात. आमच्या देवळात शिरली की समिती नेमतात.

२०१९च्या पुरात ती आमच्या खिडकीपर्यंत शिरली होती. गावाला बोटीतून बाहेर काढलं, माणशी एक पिशवी. मावशीने पिशवीत वेदीवरचं बायबल आणि प्रभुभोजनाचे पेले भरले. शेजारच्या पद्माक्काने मावशीचं एक लुगडं आपल्या पिशवीत कोंबलं आणि म्हणाली, “देवाचं झालं. तुझं काय?”

पद्माक्का जैन. पंचाहत्तरीची, कांदा-लसूण वर्ज्य, जेवण सूर्य मावळायच्या आत. आणि तरीही पूर ओसरल्यापासून दर रविवारी ती आमच्या देवळात शेवटच्या बाकावर बसते. संध्याकाळी मी तिला विचारलं, तर तांदूळ पाखडत म्हणाली, “सुशीलाबाईच म्हंटली, दोघं-तिघं जमली की तुमचा देव येतोय. ही एकटी. मग कसा येनार? म्हनून मी जाऊन बसतो. आमचं तांदूळ निवडून हुत्यात, तुमचं देवाचं काम हुतंय.”

(कोल्हापूरकडच्या बायका ‘मी बसतो, मी जातो’ असंच बोलतात. पुण्यात मी हे सांगते तेव्हा लोक हसतात. हसू देत.)

मावशी उपासना चालवायची ती चालक आणि मंडळी, दोघांच्या बाजूने. आधी चालकाचं वाक्य, मग जरा थांबून, आवाज बदलून, मंडळीचं उत्तर.

रविवारी समिती येणार म्हणून पाळकसाहेब, म्हणजे आमचे पास्टर, आदल्या दिवशीच कामाला लागले होते. तरुण माणूस, तीन गावं सांभाळतो, या गावाला तीन महिन्यांतून एकदा येतो. आपणही काही कमी नाही हे दाखवायला त्यांनी फोनवरून फ्लेक्स सांगितला होता : ‘रविवारी सकाळी १० वाजता प्रभुभोजन. सर्वांचे स्वागत.’

प्रभुभोजन म्हणजे आमचा सर्वांत पवित्र विधी. पावाचा नखाएवढा तुकडा, बोटभर पेल्यात द्राक्षरस, येशूच्या शेवटच्या जेवणाची आठवण. बाप्तिस्मा होऊन मंडळीत नाव लागलेल्यांनीच तो घ्यायचा. फ्लेक्सवाल्याला यातलं काही कोणी सांगितलं नव्हतं. पाळकसाहेबांचा मजकूर त्याला फार त्रोटक वाटला असावा. त्याने आपल्याकडची नेहमीची ओळ खाली जोडून दिली : ‘तरी सर्व भाविकांनी महाप्रसादाचा लाभ घ्यावा.’ आणि समितीच्या तिघांचे फोटो, हात जोडलेले.

दहाला मावशीने घंटा दिली आणि गाव आलं. सत्तरेक माणसं. घरून ताट-तांब्या घेऊन.

“पास्टरसाहेब, पंगत आदी का भाषान आदी?” एका आजोबांनी विचारलं.

पाळकसाहेबांचा चेहरा पांढरा पडला. मला बाजूला घेऊन म्हणाले, “ताई, कुणी व्हिडिओ काढून टाकला, जेवण घालून धर्म बदलतात म्हणून, तर मी संपलो. अहो, काल इथे चिटपाखरू नव्हतं, आज ही गर्दी, उद्या पोलीस ठाणं!” मी माझा फोन हळूच पर्सच्या तळाशी ढकलला. शेवटच्या प्रार्थनेचे फोटो तिथेच संपले.

समितीचे अध्यक्ष मात्र प्रसन्न झाले. “ही म्हणे बंद पडायला आलेली मंडळी! आमच्या शहरात नाताळाला एवढी येत नाहीत.” त्यांनी वही उघडली. “सगळे आपलेच ना?”

पाळकसाहेबांनी खाली बघितलं. मीही. एका ‘हो’मध्ये देऊळ वाचत होतं.

मावशी काठी टेकत उठली. “आपली हायत, पर मंडळीची न्हाईत. ही जेवायला आल्यात. मंडळीत नाव माझं एकटीचं. खोटं लिहू नका, साहेब.” मग गावाकडे वळून म्हणाली, “फ्लेक्सवाल्याची चूक झाली रं बाळांनो. आज जेवान न्हाय. राग मानू नका.”

“आता ताटं घिऊन आमी काय करायचं, बाई?”

मागच्या बाकावरून पद्माक्का उठली. “घरला कशाला जाता? तांदूळ निवडल्यालाच हाय की! उपासना हुईस्तोवर भात हुतोय. बसा गप!” आणि ती शेजारच्या आपल्या चुलीकडे गेली.

गाव बसलं. मावशीने चाळीस वर्षं इथल्या शाळेत शिकवलं आहे. दोघा-तिघांनी सवयीने हाताची घडीसुद्धा घातली. उपासना सुरू झाली. चालकाचं वाक्य पाळकसाहेबांनी म्हटलं. मावशीने मंडळीच्या वतीने “आमेन” म्हटलं, आणि तिच्या मागून सत्तर गळ्यांनी, बेचा पाढा म्हणावा त्या चालीत, “आऽमेन!” पाळकसाहेबांना घाम फुटला. मावशी पुढचं उत्तर विसरली. मी तिला कधीही काही विसरताना पाहिलं नव्हतं. ती नुसती उभी राहिली, ओठ मिटून, आणि मग गावच थांबलं तिच्यासाठी.

प्रभुभोजन मावशीने, मी आणि समितीने घेतलं. गावाने शिस्तीत बघितलं. “एवढासाच व्हय?” आजोबा कुजबुजले, म्हणजे सर्वांना ऐकू गेलं.

शेवटी अध्यक्षांनी मला विचारलं, “तुमचं नाव कुठल्या मंडळीत?”

“पुण्याच्या. मी फक्त... पाहुणी.”

पेत्राने येशूला नाकारलं तेव्हा कोंबडा आरवला होता. अंगणात कोंबड्या होत्या, पण त्यांनी माझी लाज राखली. अध्यक्षांनी लिहिलं : उपस्थित सभासद, एक. “अहवाल महिनाअखेर जाईल,” ते म्हणाले. “नियम माझा नाही हो, बाई.”

अंगणात पंगत बसली. पातळ आमटी, भात, कृष्णाकाठची भरली वांगी, कांदा-लसणाशिवाय. एरवी असं जेवण मी आजारपणात खाते. त्या दिवशी दोनदा घेतलं. अध्यक्षांनी तीनदा. वाढणाऱ्याने त्यांच्या पानात भात टाकत विचारलं, “कुलूप लावल्यावर रविवारची घंटा कोन देनार, सायेब? आमची म्हातारी त्यावर गोळी घेती.” अध्यक्ष बराच वेळ वांगं चावत राहिले.

पुण्यात परत आले. आमच्या पुण्याच्या देवळात पडदा आहे, त्यावर गीतांचे शब्द उमटतात, एसी आहे, पार्किंगवरून दर रविवारी भांडण आहे. मी नसले तर कोणाला कळत नाही. मी सचिवांकडे बदलीचा दाखला मागितला.

“तिकडे? लोक तिकडून इकडे येतात. कोणाशी बिनसलं का?”

“नाही.”

“मग कारण काय लिहू?”

मी बराच विचार केला आणि म्हटलं, “गरज, असं लिहा.” त्यांनी लिहिलं, ‘कौटुंबिक’. दाखला तीन रविवार अडकला आणि महिना संपायच्या दोन दिवस आधी मिळाला. मी तो फोटो काढून अध्यक्षांना पाठवला. उत्तरात एक अंगठा आला.

मग मावशीला फोन केला. ती रडेल म्हणून मी रुमाल घेऊन बसले होते. “मावशी, माझं नाव तुझ्या मंडळीत लावलंय. आता दोघी झालो आपण.”



“नाव लावणं सोपं हाय. येणार किती वेळा?”

“महिन्यातून एकदा. पहिल्या रविवारी.”

“बरं. मग पहिल्या रविवारचा पाठ तू वाचायचा. योहानाचा सहावा अध्याय, सगळा. अडखळायचं न्हाय. आत्ताच उघडून बस.” आणि फोन ठेवला.

मी टीव्ही बंद केला, चष्मा शोधला. सहावा अध्याय लांबलचक निघाला, एकाहत्तर ओव्या, पाच भाकरींत पाच हजारांची पंगत उठते तो. मी पहिल्यापासून मोठ्याने वाचायला लागले. किती वर्षांनी कोणीतरी मला गृहपाठ दिला होता.