त्या वर्षीचे शिंगाडे

धाकट्या भावाचं, विनूचं पत्र आलं तेव्हा मी अमरावतीच्या शाळेत शिकवून नुकतीच घरी पोचले होते. विनूची पत्रं म्हणजे तार परवडली. ‘गोविंदाकाका सोमवारी गेले. काकू तुझी आठवण काढत होत्या.’ एवढंच. पत्र हातात धरून चांगली रडले. सख्ख्या काकासाठी मी इतकी रडले नव्हते, आणि हे सांगायला मला लाज वाटत नाही.

नागपूरच्या जुन्या वस्तीत, तलावाच्या काठी, आमची दोन घरं भिंतीला भिंत लावून होती. गोविंदाकाका जातीनं ढिवर. तलावात मासे धरायचे, पावसाळ्यात शिंगाडा लावायचे. बांबूला दोन घागरी बांधून त्यावर पोटावर तरंगत वेलींमधून शिंगाडे तोडताना मी त्यांना खिडकीतून बघत असे. माणूस असा, की आईला माशांचा वास सोसत नाही हे तिच्या नाकावरच्या पदरावरून ओळखलं आणि दुसऱ्या दिवसापासून जाळी तलावाच्या पलीकडे वाळवायला लागले. त्यावर कधी चकार शब्द नाही. तलावात कुणी बुडालं की पोलीससुद्धा त्यांनाच बोलवायचे.

मी अकरा वर्षांची असताना विनूला मुदतीचा ताप आला. तीन आठवडे धंतोलीच्या दवाखान्यात काढून पोरगा घरी आला, तोवर नवरात्र लागलं होतं. आईनं ठरवलं, तिनं आणि बाबांनी अनवाणी कोराडीच्या देवीला चालत जायचं. पण बाबा पडले गणिताचे मास्तर, देवधर्माची टर उडवण्यात पटाईत. ते म्हणाले, जायचंच तर डॉक्टरच्या दारी जाईन. आई चिडली आणि म्हणू नये ते म्हणाली... “असा कोरडा बाप असण्यापरीस नसलेला बरा.” बाबा उठून झोपायला गेले. सकाळी आम्ही उठलो तर ते घरात नव्हते.

त्यांना शोधत मी घाटावर गेले. शेवटच्या पायरीवर त्यांच्या चपला होत्या. अंगठा नव्यानं शिवलेला, शेजारीशेजारी नीट ठेवलेल्या. मी धावत घरी आले, आणि आई माझ्या तोंडाकडे बघूनच खाली बसली.

दहा वाजेतो सगळी वस्ती घाटावर जमली. गोविंदाकाकांनी काही विचारलं नाही, बंडी काढली आणि पाण्यात शिरले. बुडी मारायचे, वर यायचे, श्वास घ्यायचे, पुन्हा खाली. प्रत्येक वेळी वर आले की आई त्यांच्या हातांकडे बघायची. पाणी त्यांच्यावर मिटलं की मी आकडे मोजायला लागायची. पुढं कुठल्याही पाण्याकडे मी नुसतं पाणी म्हणून बघू शकले नाही. बाराच्या सुमाराला बाबांच्या आत्याबाईंचा धीर सुटला. त्यांनी गळा काढला, आईचा हात धरला आणि बांगड्या फोडायला दगड उचलला. आईनं हात सोडवलासुद्धा नाही. तेवढ्यात काका पाण्यातून वर आले. छातीभर पाण्यात उभे राहून, आवाज न चढवता म्हणाले,

“मी पाण्यात आहो तोवर वैनीच्या बांगडीले कोणी हात लावाचा नाही.”

आत्याबाईंनी दगड खाली ठेवला.

आता राहिला होता शिंगाड्याचा भाग. वेलींखाली माणूस अडकला तर वरून दिसत नाही, हे सगळ्यांना ठाऊक होतं. काकांनी वेली उपटायला सुरुवात केली. ओढायच्या, काठावर फेकायच्या, मोकळ्या झालेल्या पाण्यात बुडी मारायची. काट्यांनी त्यांचे हात कोपरापर्यंत सोलवटले होते. काठावर हिरवा, चिखलानं भरलेला ढीग वाढत गेला. त्याच्याकडे बघायला आम्हाला डोळेच नव्हते.

तीन वाजून गेले असतील. गर्दीच्या मागून कुणीतरी विचारलं, “काय झालं? कोण बुडालं?” ते बाबा होते. अनवाणी, पायांना फोड आलेले, हातात नारळाची अर्धी वाटी. दवाखान्यात त्यांनी स्वतःच, कुणाला न सांगता, कोराडीला अनवाणी जायचा नवस बोलला होता. चपला घरी सोडल्या असत्या तर आईला कळलं असतं, म्हणून घाटावर पाय धुऊन तिथंच सोडल्या. तलावाकाठी सोडलेल्या चपलांचा वस्तीत एकच अर्थ होतो, एवढं गणित मास्तरांना सुचलं नाही. आईनं भर घाटावर त्यांच्या छातीवर दोन्ही मुठी मारल्या आणि तिथंच डोकं टेकवलं. लोक हसायला लागले. बाबांची नजर त्या ढिगावर गेली आणि त्यांचा चेहरा पडला. काका अंग पुसत होते.

“वेली दाट झाल्या होत्या, मास्तर,” ते म्हणाले. “काढाच लागत होत्या.”

बाबांनी ते खरं मानलं. गणिताच्या मास्तरांना शिंगाड्यातलं काय कळणार? तीन वर्षांपूर्वी बाबा गेले, तोवर तो प्रसंग ते स्वतःची फजिती म्हणून हसत सांगायचे.

पत्र आल्यावर महिन्याभरानं मी काकूंना भेटायला गेले. बऱ्याच गोष्टी निघाल्या, तोही दिवस निघाला. मी म्हटलं, बरं झालं, वेली तशाही काढायच्या होत्या. काकू म्हणाल्या,

“काहून काढाच्या होत्या वं? आठ दिवसांत तोडाले येत होत्या. त्या साली एक शिंगाडा निघाला नाही आमचा.”

मला पटेना. दरवर्षी दसऱ्याला काकांच्या घरून उकडलेल्या शिंगाड्यांची पहिली टोपली आमच्याकडे यायची, आणि त्याही वर्षी आली होती. मी तसं म्हटलं.

“ते माह्या माहेरचे,” काकू म्हणाल्या. “रामटेकच्या अंगाले हे स्वतः जाऊन घेऊन आले. मले म्हणे, टोपली नाही गेली तं मास्तरले समजन... अन् मंग मास्तर आपल्या नजरेले नजर देणार नाही.”

त्या दसऱ्याला बाबांनी भिंतीवरून हाक मारून काकांना सांगितलं होतं, की गोविंदा, यंदाचे शिंगाडे फार गोड आहेत. आणि भिंतीपलीकडून काका म्हणाले होते, “हो ना, मास्तर. यंदा तलावच गोड आहे.”