माझी हाक आणि देवीबाईचा भाऊ

मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यापासून मोबाईलवर इथले अनुभव वाचतेय. पांढऱ्या साडीतली बाई, रस्त्यात लिफ्ट मागणारा म्हातारा... वाचते आणि चष्मा काढून ठेवते. माझे वडील शाळामास्तर. घरात 'भूत' म्हटलं की छडी! असल्या गोष्टींवर माझा तेव्हाही विश्वास नव्हता, आज सत्त्याऐंशीव्या वर्षीही नाही. पण जे झालं ते माझ्याच गळ्यातून झालं, त्याला मी काय करू?

देश स्वतंत्र होऊन आठ-नऊ वर्षं झाली असतील. लग्न होऊन मी पिंपरीत आले. एका बाजूला गाव, दुसऱ्या बाजूला फाळणीत आलेल्या सिंधी लोकांचा कॅम्प, आणि मध्ये आमची पत्र्याची चाळ. हे सायकलवरून दापोडीच्या एका वर्कशॉपात जायचे. घरात सासूबाई आणि धाकटी नणंद शकू.

शकू एकदा चाकणला मामाकडे गेली होती. दुपारी दूध उतू जायला लागलं तशी मी सवयीनं ओरडले — "शकूऽऽ!" दुसऱ्या दिवशी पोरगी परत आली ती फणकारतच. "वहिनी, काल कशाला हाक मारलीस? मी मामीपुढं मोठ्यानं 'ओ' दिली. सगळे हसले मला!"

चाकण आमच्यापासून बारा-तेरा मैल. मी म्हटलं, भास झाला असेल. पण सासूबाईंना कुठला दम! त्यांनी लगेच परीक्षा घेतली. शेजारची गंगूबाई शेळ्या घेऊन पार नदीकडे गेली होती. मी ओट्यावर बसून साध्या आवाजात तिचं नाव घेतलं. पाऊण तासानं गंगूबाई धापा टाकत दारात. "कोन मेलं गं?"

झालं. सासूबाईंनी आळीभर केलं — "आमच्या सूनबाईची हाक चाकनपातूर जाती!" दुसऱ्या दिवसापासून दाराशी बायकांची रांग. "अगं, आमच्या ह्यांना हाक मार, पाव्हणे आलेत." पोचायचं फक्त नाव, निरोप नाही. तर बायकांनी त्यावरही तोड काढली — एक हाक म्हणजे घरी या, दोन म्हणजे येताना रॉकेल आणा. माझ्या भाकऱ्या करपतायत आणि मी चुलीपुढे बसून लोकांच्या नवऱ्यांना हाका मारतेय! आणि माझा स्वतःचा नवरा? त्यांचं नाव घ्यायचं नाही ना! नुसतं "अहो" म्हणून कुठल्या अहोला पोचणार? तो माणूस रोज सांगितलेलं मीठ विसरून यायचा.

वर तक्रारी वेगळ्याच. चाळीतले तुकाराम फिटर हातोडी मारता मारता दचकले आणि अंगठा ठेचून घेतला. संध्याकाळी अंगठा नाचवत हजर. "वहिनी, हाक मारायच्या आधी जरा इचार करत जा की!" जसं काही मला इथून त्यांची हातोडी दिसत होती... वैतागून मी ह्यांना म्हटलं, मला माहेरी पाठवा. तर म्हणतात, "तिथनं पण ऐकू येईल."

अशात देवीबाई आली. कॅम्पात राहायची, पापड विकायची. चाळिशीची, एकटी. एक दिवस टोपली खाली ठेवून म्हणाली, "मेरे भाई को बुलाओ." भावाचं नाव परसराम. कराचीच्या बंदरावर बोटीत चढताना गर्दीत दोघांचा हात सुटला. नंतर पत्र नाही, निरोप नाही.

मी सरळ नाही म्हटलं. ज्याला मी ओळखत नाही त्याला माझी हाक पोचत नसे, हे करून पाहिलं होतं. पण खरं सांगू? मला भीती वाटली. मी हाक मारली आणि कुणीच आलं नाही, तर बाई समजणार की भाऊ गेला. आणि ते सांगणारी मी ठरणार! अठरा वर्षांची पोर मी. हे माझ्यावर कशाला?

"फोटो आहे का?" मी विचारलं. नव्हता. मग तिनं भाऊ सांगायला सुरुवात केली. रोज दुपारी आमच्या ओट्यावर पापड लाटायला बसायची आणि सांगायची. पतंगाच्या मांज्यानं डावी भुवई कापलेली. चहा बशीत ओतून डोळे मिटून पितो. भरभर पुढं जातो आणि वळणावर थांबून बहिणीसाठी मागं बघतो. चार महिने हेच! एकदा मी कावलेच. "बाई गं, माझ्या नवऱ्यापेक्षा तुझ्या भावाची मला जास्त माहिती झालीय!" देवीबाई हसली. तिला हसताना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

नंतर एका दुपारी मी डाळ निवडत होते. मनात काही नव्हतं. आणि एकदम तो दिसला... वळणावर थांबलेला, मागं बघणारा. तोंडातून आपसूक निघालं — "परसराम!"

मग माझी मान वर होईना. सुपातल्या डाळीकडे बघत बसले. आता हिला काय सांगू?

देवीबाईचं लाटणं थांबलं. तिनं मान कलती केली. हळूच म्हणाली, "सुना?"

"काय?"

"बोला वो. 'हां, अदी' बोला." अदी म्हणजे त्यांच्यात ताई.

मला काही म्हणजे काही ऐकू आलं नव्हतं. दारात सासूबाई उभ्या होत्या. त्यांना विचारलं. "न्हाई बया, कावळासुदिक वरडला न्हाई." एवढ्या हाका मारल्या, पण समोरच्याची 'ओ' आमच्या ओट्यापर्यंत कधीच आली नव्हती. देवीबाई मात्र पदर तोंडाला लावून रडत होती. मग उठली, पिठाचे हात पुसले आणि घरी गेली.

परसराम आला नाही. पत्रही नाही. आणि देवीबाईनं पुन्हा कधी मला हाक मारायला सांगितलं नाही. पापड घेऊन यायची, हवापाण्याच्या गप्पा मारायची. शेवटी मीच — इतकी वैतागलेली मी! — म्हटलं, "परत बोलावून बघू का?" ती म्हणाली, "नको. दिया ना जवाब."

पहिल्या बाळंतपणानंतर माझी हाक गेली. शेजारच्या खोलीतल्या शकूलासुद्धा दोनदा ओरडून सांगावं लागायला लागलं. सुटले एकदाची! पण तो एक प्रश्न काही सुटेना. तिनं खरंच ऐकलं, की माझी खाली गेलेली मान बघून तिनं मला मोकळं केलं?

बऱ्याच वर्षांनी, कॅम्पात पक्की घरं झाल्यावर, मी तिच्याकडे गेले आणि स्पष्टच विचारलं. "देवीबाई, आता तरी खरं सांग. त्या दिवशी ऐकलं होतंस?"

तिनं हातातलं काम खाली ठेवलं.

"क्यों?" ती म्हणाली, "तुझे नहीं सुनाई दिया?"

तिच्या चेहऱ्यावर एवढं खरं आश्चर्य होतं की पुढे मला काही विचारताच आलं नाही. आजही कळलेलं नाही.