कापूस वेचणाऱ्या बाईची चाल

अल्लीपूरच्या आमच्या घरात कापूस विकेपर्यंत पुढच्या खोलीत भरलेला असतो. त्याच ढिगाला पाठ टेकून मी लॅपटॉपवर कार्टूनमधली माणसं चालवतो. दुपारी खोलीत पांढरा, मऊ उजेड पडतो आणि आपण जागे आहोत की झोपेत, हेच कळेनासं होतं.

मागच्या हिवाळ्यात एका कंपनीच्या शेतीवरच्या कार्टूनसाठी कापूस वेचणारी बाई करायची होती. पूर्वी एकेक पाऊल हाताने बसवावं लागे, त्यात आठवडा जायचा. आता मोबाईलवर चालत्या माणसाचा व्हिडिओ घेतला की संगणक त्याची चाल उचलून चित्रातल्या बाईला देतो. मी मोठ्या ऐटीत आईला अंगणात बोलावलं. ती ठेवणीतलं पातळ नेसून आली आणि मांडवात मिरवावं तशी ताठ चालली. कंपनीने ते परत पाठवलं. बाई जिवंत वाटत नाही म्हणे.

मग मी तिच्या कमरेला वेचणीची झोळी बांधायला लावली, तीत खरा कापूस भरला आणि न सांगताच व्हिडिओ घेतला. या वेळी चाल उतरली, पण डावं पाऊल टेकताना चित्रातली बाई किंचित थरथरायची. मला वाटलं, संगणकाची चूक. अशी थरथर पुसायला एक बटण असतं. ते दाबलं, आणि बाई कापसावरून चालावी तशी अलगद चालू लागली. मी कितीतरी वेळ नुसता बघत बसलो.

आई मागे येऊन उभी राहिली. "हे मी नाई होय. इचा गुडघा कुठी दुखते?"

"तुहा दुखते? मले काऊन नाई सांगतलं?"

"दोन वर्सं झाले. तुह्या डोयासमोरच त चालून राह्यली मी."

लोकांच्या चाली बघणं हा माझा धंदा. मला फार लाज वाटली. मी पुसलेली थरथर परत आणली. आई पडद्याकडे बघत म्हणाली, "तिचं दुखनं एका बोटानं गेलतं ना? मंग राहू दे तसंच. एकीले तरी आराम भेटू दे."

कंपनीला मी थरथरणारीच चाल पाठवली. ती लगेच पास झाली.

सोमवारी आईला वर्ध्याला दवाखान्यात नेत होतो. बसमध्ये तिने विचारलं, "ते बाई गेली का कंपनीत?"

"गेली."

"चालताना दुखत नाई ना तिले?"

मी खिडकीबाहेर बघत म्हटलं, "नाई."