साहेबासाठी निवडलेला शब्द

ये, अशी जवळ बस. दारातच काय टेकतेस परक्यावाणी? सहा महिन्यांनी आली अन् आल्या आल्या निघायची घाई! तुझ्या आजीची, म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीची, शाळा काऊन सुटली ते आज ऐकूनच जा.

तालुक्याच्या कचेरीत साहेबानं माझा अर्ज दोन बोटांत धरला होता. जोरानं ओरडला, "अरे आओ, मुन्शीजी! बैंगनवाली की अंग्रेजी देखो!" सारे कारकून भोवती जमले. हसले. दारातला चपराशीसुद्धा हसला.

राज्यांची नवी वाटणी झाली होती. सीमेवरचं, बेल्याकडचं आमचं मराठी गाव तेलुगू राज्यात गेलं. मराठीचा वर्ग बंद होणार म्हणाले. बहीण चौथीत. वर्ग राहू द्या, एवढंच मी लिहिलं होतं. शाळेत मी कधी गेले नाही. वांगी विकता विकता रद्दीतल्या एका इंग्रजी पुस्तकावर अन् फाटक्या शब्दकोशावर शिकले. त्यात 'हार्कन' सापडला. अर्थ दिला होता: कान देऊन ऐकणे, ऐकून मनावर घेणे. नुसतं कानावर पडतं त्याला इंग्रजीत दुसरा शब्द. हा त्याच्याहून वरचा. साहेबासाठी मी चांगला निवडला. 'हार्कन टू अस.' आमचं ऐका.

तो शब्द जुना झाला, आता कोणी बोलत नाही, हे मला कोण सांगणार?

"रानी का हुकूम आया है," साहेब म्हणाला. लाल पेन्सिलीनं शब्द खोडला. "पाँव पड़ती हूँ, ऐसा लिखके ला. फिर देखेंगे."

गावचं कोणी सोबत नाही. येतो म्हणालंच नव्हतं कोणी.

"साहेब, तुमी हसले," मी मराठीतच बोलले. "खालच्या चार ओळी वाचल्या नाही. शब्द तोच राहील."

कागद ओढून घेतला. निघाले.

वर्ग बंद झाला. बहीण कापूस वेचायला गेली. "पाया पडली असतीस तर झिजली असतीस का, अक्का?" एकदाच म्हणाली. मग बोलणंच कमी केलं तिनं. गावानं मला हार्कनबाई नाव ठेवलं. मी विहिरीवर गेले की बाया गप्प. वर्षं गेली तशी.

मग अडल्यानडल्या त्याच बाया अर्ज लिहून घ्यायला यायला लागल्या. लिहिते. सोबत जाते. कागद ठेवून घेतला म्हणजे ऐकलं, असं मी मानत नाही. कारकुनाला मोठ्यानं वाचायला लावते, काय समजलं ते विचारते. तोवर हलत नाही. पाया पडते, असं कोणाच्याच अर्जात लिहिलं नाही. मरेपर्यंत लिहिणार नाही.

काम झालं की बायाही आपापल्या घरी जातात. तू पुन्हा लवकर ये, पोरी.